सैतान कोणाच्या घरी राहतो?

राजकारणी पुरुषाने पाप, सैतान, ईश्वरी कोप यांपैकी एखादा शब्द जाहीरपणे उच्चारला, की आपला सुशिक्षित वर्ग प्रथम हसतो, मग रागावतो आणि शेवटी राज्यघटनेचे नाव घेतो. तो पुरुष ख्रिस्ती असेल तर हे तिन्ही व्यापार एकदमच होतात. बंगळुरात या विषयावर वाद निघाला म्हणजे टी. जॉन यांचे नाव आल्यावाचून राहत नाही. कर्नाटकाच्या या माजी मंत्र्याचे प्रकरण घडून पाव शतक लोटत आले. तरी देवाला राज्यकारभारात ओढणाऱ्या मंत्र्याला या राज्याने कसे घरी बसवले, याचा दाखला म्हणून ते आजही सांगितले जाते, आणि सांगणारांत आपली मराठी मंडळी मागे नाहीत. माझे म्हणणे असे, की टी. जॉन गेले हे योग्यच झाले. परंतु ते ज्या कारणासाठी गेले असे आपण समजतो ते कारण लटके आहे, आणि खरे कारण आपण मनापासून मानले असते तर त्यांच्यामागून आणखी काहींना जावे लागले असते.

(केंद्र सरकारच्या नोकराला १९६४ चे वर्तणूक नियम लागू आहेत व शासनाच्या धोरणावर टीका त्याला वर्ज्य आहे, याचे मला भान आहे. म्हणून या लेखात धोरणासंबंधी एक अक्षरही नाही. मंत्र्यांचा देव आणि मंत्र्यांचा सैतान यांविषयी बोलू नये असे मात्र त्या नियमांत मला कोठे आढळले नाही.)

प्रथम घडले ते पाहू. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छची भूमी हादरली. भूज, भचाऊ, अंजार, रापर ही गावे जमीनदोस्त झाली. सुमारे वीस हजार माणसे दगावली. अंजारला प्रजासत्ताकदिनाच्या फेरीत निघालेली शाळकरी मुले आणि त्यांचे शिक्षक अरुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरे कोसळून त्यांखाली गाडले गेले. ढिगारे उपसण्याचे काम चालू असतानाच कर्नाटकाचे नागरी विमान वाहतूक मंत्री टी. जॉन बोलून गेले, की गुजरातेत ख्रिस्ती लोकांचा जो छळ झाला त्याची ही ईश्वराने दिलेली शिक्षा होय. देशभर गदारोळ उठला आणि मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांनी काही दिवसांतच त्यांचा राजीनामा घेतला.

छळ झाला होता ही गोष्ट खोटी नव्हती. १९९८ च्या नाताळात डांग जिल्ह्यात प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९९९ मध्ये, ओरिसातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा व सहा वर्षांची दोन मुले मोटारीत झोपलेली असता त्यांना जिवंत जाळण्यात आले. या जखमा ताज्या होत्या. परंतु जॉन यांनी त्यांवरून जो निष्कर्ष काढला तो त्यांच्या धर्माच्याही विरुद्ध होता आणि साध्या भूगोलाच्याही. डांग हा गुजरातच्या आग्नेय टोकाला, आपल्या नाशिक जिल्ह्याला लागून असलेला रानवट प्रदेश. कच्छ पार वायव्येस, शेकडो मैल दूर. आमच्या कचेरीतील आवक-जावक लिपिकाने एखादा लखोटा इतक्या चुकीच्या पत्त्यावर धाडला तर त्याला लेखी खुलासा द्यावा लागतो. जॉन यांचा देव मात्र डांगमधील गुन्ह्याचा हिशोब अंजारच्या शाळकरी पोरांकडून चुकता करून घेतो, आणि त्याच्याकडे खुलासा मागण्याची त्यांना गरज भासत नाही!

येथे कोणी म्हणेल, ख्रिस्ती धर्मच असे शिकवतो. हे धादांत असत्य आहे, आणि असे म्हणणारांनी बायबल उघडलेले नसते. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहचा बुरूज पडून अठरा माणसे मेल्याची हकीगत निघते. ती माणसे यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असा प्रश्न येशू स्वतःच उपस्थित करतो, आणि स्वतःच नकारार्थी उत्तर देऊन ऐकणारांना आपापल्या पापाकडे वळायला सांगतो. ईयोबाची कथा तर याच प्रश्नासाठी रचलेली आहे. ईयोबावर आपत्ती कोसळल्या तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले, आणि तोवर ते खरे मित्र होते; मग त्यांनी तोंड उघडले व त्याच्या दुःखाचे कारण त्याच्याच पापात शोधू लागले. अखेर देवाचा कोप झाला तो ईयोबावर नव्हे, या मित्रांवर. टी. जॉन यांना सात दिवससुद्धा गप्प बसवले नाही.

ख्रिस्ती श्रद्धेने दुष्टतेला सामोरे जाणे म्हणजे काय, हे याच काळात एका बाईने साऱ्या देशाला दाखवले होते. ग्लॅडिस स्टेन्स यांनी नवरा आणि दोन्ही मुलगे एका रात्रीत गमावले. मारेकऱ्यांना मी क्षमा केली आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले, आणि बारीपद्याच्या कुष्ठरोग्यांची सेवा त्यांनी सोडली नाही. सैतानाला नावाने ओळखण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो या बाईला होता. तिने त्याचा शोध कच्छमध्ये घेतला नाही.

म्हणजे जॉन यांचा अपराध ईश्वरी न्यायावर विश्वास ठेवण्यात नव्हता. मंत्रिपदावर बसलेल्या माणसाने, मेलेल्यांच्या बाबतीत फिर्यादी, साक्षीदार व न्यायाधीश या तिन्ही भूमिका स्वतःकडे घेतल्या, हा तो अपराध. मंत्री होताना जी शपथ घ्यावी लागते तीत सर्व लोकांना ममत्व किंवा आकस न बाळगता न्याय देण्याचे वचन असते. आकस हा शब्द येथे नेमका लागू पडतो. ज्या लोकांवर संकट कोसळले आहे ते त्या संकटाला पात्र होते असे ज्याला वाटते, तो त्यांना मदत धाडू शकेलही. पण त्याच्या हातून ती मदत घेणाऱ्याने मान वर कशी करावी?

आता आपल्या प्रतिक्रियेकडे वळतो. कारण वादाचा विषय ती आहे. जॉन हे निमित्त.

जॉन प्रकरणावर जे बोलले जाते त्यात दोन सूर मला नेहमी ऐकू येतात. एक म्हणतो, विसाव्या-एकविसाव्या शतकात मंत्री इतका अंधश्रद्ध कसा? दुसरा, जरा खालच्या आवाजात, म्हणतो, आपल्या देशात राहून एका ख्रिस्ती माणसाची ही हिंमत? यांपैकी पहिला सूर शोभेचा आहे, खरा जोर दुसऱ्याचा आहे, असे माझे मत आहे. आणि ते सिद्ध करायला कर्नाटकाबाहेर जाण्याचे कारण नाही. २०११ च्या आरंभी मुख्यमंत्री येडियुरप्पा यांनी विरोधक आपल्यावर करणी करीत आहेत असे जाहीरपणे सांगितले. मे २०२४ मध्ये उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी, मुख्यमंत्री सिद्धरामय्यांच्या व आपल्या नाशासाठी केरळात यज्ञ व पशुबळी चालले आहेत असा आरोप केला, आणि केरळच्या मंत्र्यांना त्याचा इन्कार करीत बसावे लागले. चामराजनगरला पाय ठेवणाऱ्या मुख्यमंत्र्याची खुर्ची जाते या धास्तीने किती तरी मुख्यमंत्री त्या जिल्ह्याच्या गावाकडे वर्षानुवर्षे फिरकले नाहीत. सिद्धरामय्या मात्र तेथे वारंवार गेले आणि २०१३ पासूनची पाच वर्षे पुरी करून मोकळे झाले. या सर्व गोष्टी वर्तमानपत्रांनी चवीने छापल्या, आपण चवीने वाचल्या, आणि कॉफीचा पेला खाली ठेवून कामाला लागलो. राज्यघटना कोणालाही आठवली नाही. राज्याने २०१७ साली अमानुष दुष्ट प्रथा व काळी जादू यांविरुद्ध कायदा केला, त्या आधीही नाही आणि नंतरही नाही.

करणी चालते, नजर चालते, साडेसाती चालते. सैतान मात्र हास्यास्पद! याचे कारण तर्कात नसून भाषेत आहे. मराठीत सैतान हा शब्द आपण खोडकर पोरासाठी आणि नाटकातल्या खलपुरुषासाठी राखून ठेवला आहे. गंभीर वाक्यात तो आला की वाक्याला परक्या पोशाखाचा भास होतो. कर्मफळ म्हटले की तत्त्वज्ञान वाटते, ईश्वराची शिक्षा म्हटले की पाद्र्याचे प्रवचन वाटते. दोहोंतला आशय एकच असला तरी. गोव्यात तर एकाच शब्दाने दोन घरे बांधली आहेत. देवचार म्हणजे हिंदू गावकऱ्याच्या दृष्टीने वेस राखणारा, रात्री वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा राखणदार. त्याला नैवेद्य दाखवतात. शेजारच्या ख्रिस्ती घरात तोच देवचार म्हणजे साक्षात सैतान. एकाच भाषेतला, एकाच वाड्यावरचा तो शब्द! कोणाचा देवचार खरा, हे ठरवायला मी बसलेलो नाही. एकाच्या देवचाराला लोकसंस्कृती म्हणायचे आणि दुसऱ्याच्या देवचाराला धर्मांधता, हा पंक्तिप्रपंच आहे एवढेच माझे म्हणणे.

मग राजकारणी माणसाने सैतानाविषयी काहीही बोलावे आणि आपण खपवून घ्यावे काय? मुळीच नाही. पण कसोटी कोणती लावायची ते आधी ठरवले पाहिजे. अमेरिकेतील दोन उदाहरणे घेतो, कारण तेथे हा वाद नित्याचा आहे. बॉबी जिंदाल हे पंजाबी आईबापांचे चिरंजीव, विद्यार्थिदशेत कॅथलिक झाले. जीवशास्त्राचा हा पदवीधर. १९९४ साली एका नियतकालिकात त्यांनी लेख लिहून, आपल्या मैत्रिणीला पछाडणाऱ्या दुष्ट शक्तीशी प्रार्थनेच्या बळावर झालेल्या झगड्याचे वर्णन केले. पुढे ते राजकारणात वर चढू लागले तेव्हा हा लेख उकरून काढून त्यांची यथेच्छ टवाळी करण्यात आली. तरी २००८ ते २०१६ ते लुइझियानाचे गव्हर्नर होते. (आपल्याकडील वर्तमानपत्रे त्या वेळी भारतीय वंशाचा गव्हर्नर म्हणून पेढे वाटत होती. त्यांच्या सैतानाची चौकशी करण्याचे कोणाला सुचले नाही.) दुसरे रिक सँटोरम. २००८ साली फ्लॉरिडातील एका कॅथलिक विद्यापीठात भाषण करताना ते म्हणाले, की सैतानाने अमेरिकेवर रोख धरला असून त्याने प्रथम विद्यापीठे काबीज केली, मग प्रॉटेस्टंट चर्च. २०१२ साली ते अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडत असताना हे भाषण बाहेर आले आणि एकच हल्लकल्लोळ झाला.

लोकांनी दोघांना एकाच मापाने मोजले. वस्तुतः दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. जिंदाल यांचा सैतान एका खोलीत, एका दुःखी मुलीच्या उशाशी होता. त्यावर विश्वास ठेवल्याने कोणा नागरिकाचा हक्क बुडत नव्हता. तो मानावा किंवा न मानावा. टवाळी करण्यात पुरुषार्थ नव्हता. सँटोरम यांचा सैतान विरोधकांच्या विद्यापीठात आणि शेजाऱ्यांच्या देवळात राहत होता, वक्त्याच्या स्वतःच्या अंगणात त्याचा वावर नव्हता. सैतान आहे की नाही हा प्रश्न मतदाराने मंत्र्याला विचारू नये, त्याचे उत्तर विधिमंडळात मिळत नसते. तो कोणाच्या घरी राहतो, हा प्रश्न अवश्य विचारावा.

या प्रश्नाचे उत्तर एका राज्यकर्त्याने फार पूर्वी दिलेले आहे. ४ मार्च १८६५ रोजी अब्राहम लिंकन यांनी दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा यादवी युद्ध संपत आले होते व उत्तरेचा जय दिसू लागला होता. जेत्याने शत्रूच्या पापांची यादी वाचावी असा तो प्रसंग. लिंकन यांनी त्या युद्धाला ईश्वराची शिक्षा म्हटले खरे. पण ती शिक्षा उत्तर व दक्षिण दोघांनाही आहे असे सांगितले, कारण गुलामगिरीच्या पापाचा लाभ दोघांनीही घेतला होता. हे भाषण श्रोत्यांना तत्काळ रुचणार नाही, हेही त्यांना ठाऊक होते. थोड्याच दिवसांनी एका पत्रात त्यांनी तसे लिहिले. राजकारणी माणसाने आपली श्रद्धा घरी ठेवून यावे असे जे सरसकट म्हणतात त्यांनी हे भाषण अमेरिकेच्या इतिहासातून वगळून दाखवावे.

आपल्याकडे हाच वाद १९३४ साली झाला, आणि दोन्ही बाजूंना असे पुरुष होते की आज तसे वाद कोणी घालील अशी आशा करणे व्यर्थ. १५ जानेवारीला बिहारमध्ये भूकंप झाला. दक्षिणेत हरिजन दौऱ्यावर असलेले गांधीजी तिरुनेलवेलीला म्हणाले, की ही अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यांना कडाडून विरोध केला. निसर्गाच्या उत्पाताला नीतीचा दंडक चिकटवणे हे बुद्धीला आणि ईश्वरालाही कमीपणा आणणारे आहे, आणि हेच शस्त्र सनातनी मंडळी उलटून गांधीजींवर चालवतील, असा त्यांचा मुद्दा होता. गांधीजींनी तो आक्षेप स्वतःच्या ‘हरिजन’ पत्रात १६ फेब्रुवारीला छापला व त्याला उत्तर दिले. मला विचाराल तर रवींद्रनाथांचे म्हणणे निःसंशय बरोबर होते. बिहारच्या ढिगाऱ्याखाली अस्पृश्यही गाडले गेले होते. त्यांनी कोणाला अस्पृश्य मानण्याचे पाप केले होते? तथापि गांधीजी पाप म्हणाले ते ‘आमचे’ पाप. आरोपीच्या पिंजऱ्यात ते स्वतः उभे राहिले आणि मार्चमध्ये बिहारात जाऊन दुःखितांमध्ये हिंडले. जॉन म्हणाले ते ‘त्यांचे’ पाप. रवींद्रनाथांचा आक्षेप दोघांनाही लागू पडतो. राजीनामा एकाच प्रकाराला लागू पडतो.

आणि रवींद्रनाथांचे भाकीत किती अचूक होते! ते शस्त्र सनातन्यांनी उचलले, जॉन यांनी उचलले, आणि पुढे ज्यांनी उचलले त्यांची नावे सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. पण त्याआधी कायद्यातील एक शब्दप्रयोग वाचकांपुढे ठेवतो. कारकुनाची दृष्टी अशा ठिकाणी अडखळतेच. ओरिसाने १९६७ साली व मध्य प्रदेशाने १९६८ साली धर्मांतरासंबंधी कायदे केले. बळजबरीने केलेले धर्मांतर हा गुन्हा. आणि बळजबरी या शब्दाच्या व्याख्येत ईश्वरी अवकृपेचा धाक घालणे याचा समावेश. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली हे कायदे वैध ठरवले. गुजरातच्या २००३ च्या कायद्यातही तीच व्याख्या आहे. म्हणजे देव कोपेल अशी भीती दाखवणे ही माणसाच्या मनावरची जबरदस्ती आहे, हे आपल्या विधिमंडळांनी साठ वर्षांपूर्वी ओळखले. धाक घालणारा प्रचारक असला तर! तोच धाक आमदाराने किंवा मंत्र्याने अख्ख्या प्रांताला घातला, तर त्यासाठी कोणतीही व्याख्या नाही आणि, जॉन यांचा अपवाद सोडला तर, लोकांच्या रागाची झळही फारशी नाही.

नोव्हेंबर २०१७. आसामचे आरोग्यमंत्री हिमंत बिश्व शर्मा म्हणाले, की कर्करोग व अपघात हा मागील पापांबद्दलचा ईश्वरी न्याय असतो. आरोग्यमंत्री म्हणाले हे लक्षात घ्यावे. ज्याने रुग्णालयात खाटा पुरवायच्या त्याने खाटेवरच्या रुग्णाला हे ऐकवले. टीका झाली, हिंदू धर्मातील कर्मसिद्धांत आपण सांगितला, असे स्पष्टीकरण आले. राजीनामा कोणी मागितला असेल तर तो कोणी दिला नाही. मे २०२१ मध्ये ते मुख्यमंत्री झाले.

ऑगस्ट २०१८. केरळ पुराखाली होते. समुद्रकाठचे कोळी, त्यांत कित्येक ख्रिस्ती, आपल्या होड्या मालमोटारींवर लादून आतल्या गावांत गेले व छपरांवर अडकलेल्यांना, जातपात न विचारता, उतरवून आणू लागले. त्याच दिवसांत विजापूरचे आमदार बसनगौडा पाटील यत्नाळ म्हणाले, की केरळात उघडपणे गोवध केला त्याचे हे फळ. हे कर्नाटकातलेच, ज्या विधानसौधाच्या दर्शनी भागावर सरकारचे काम हे देवाचे काम असे कन्नडमध्ये कोरलेले आहे त्याच वास्तूत बसणारे. त्यांचे वाक्य आणि टी. जॉन यांचे वाक्य शेजारी शेजारी ठेवून पाहावे: प्रांत बदलला, पाप बदलले, देव बदलला; वाक्यरचना तीच. त्यांच्या राजीनाम्यासाठी या शहरात गदारोळ उठल्याचे कोणाला स्मरत असेल तर त्याने मला कळवावे. २०२३ साली विजापूरच्या मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले.